ब्युरेटमधील शेवटचा थेंब

काही गावांत विहिरीच्या पाण्यात साबण लवकर फेसाळत नाही. डाळ शिजता शिजत नाही आणि पाणी तापविण्याच्या बंबाच्या आत पांढरा, टणक थर साचत जातो. अशा पाण्याला आपण बोलताना ‘जड’ किंवा ‘मचूळ’ पाणी म्हणतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याला ‘दुष्फेन पाणी’ हे नाव आहे. ज्यात फेस होणे कठीण ते दुष्फेन, असा त्याचा सरळ अर्थ. (‘जड पाणी’ हा शब्द शास्त्रात निराळ्याच पदार्थासाठी राखून ठेवलेला आहे, म्हणून येथे तो टाळलेला बरा.) पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. त्यामुळे साबण वाया जातो. एवढे शालेय पुस्तकातही असते. परंतु पाणी दुष्फेन आहे हे ओळखणे वेगळे आणि ते किती दुष्फेन आहे हे सांगणे वेगळे. या ‘किती’चे उत्तर शोधण्यास विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थी वैश्लेषिक रसायनशास्त्रात शिकतो.

पदवीच्या वर्गात असेंद्रिय आणि वैश्लेषिक रसायनशास्त्र हे विषय बहुधा हातात हात घालून येतात. पहिल्यात मूलद्रव्ये, त्यांचे क्षार, धातूंची संयुगे यांचे स्वरूप व रचना अभ्यासतात. दुसऱ्यात एखाद्या नमुन्यात काय आहे आणि किती आहे, हे शोधण्याच्या रीती. प्रारंभी विद्यार्थ्याला एक अज्ञात क्षार देऊन त्यातील धन आणि ऋण आयन ओळखावयास सांगतात. ज्योतीत सोडियम पिवळा रंग देतो, पोटॅशियम फिकट जांभळा, तर बेरियम पोपटी. हायड्रोजन सल्फाइड वायूचा सडक्या अंड्यासारखा वास ज्याने एकदा घेतला, तो ही प्रात्यक्षिके जन्मभर विसरत नाही. तथापि या विषयाची खरी कसोटी अनुमापनात लागते, असे मला वाटते.

दुष्फेनता मोजण्यासाठी पन्नास मिलिलीटर पाणी पिपेटने मोजून शंकुपात्रात घेतात. त्यात अमोनिया आणि अमोनियम क्लोराइड यांचे मिश्रण घालून त्याचा सामू १० च्या आसपास स्थिर ठेवतात. नंतर एरिओक्रोम ब्लॅक टी नावाच्या दर्शकाची चिमूटभर भुकटी टाकतात. धातूचे आयन या दर्शकाला धरून ठेवतात आणि पाणी द्राक्षरसासारखे तांबूस दिसते. आता ब्युरेटमधून ‘ईडीटीए’ या पदार्थाचे ज्ञात संहतीचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावयाचे. ईडीटीएचा एक रेणू धातूच्या एका आयनाला सहा ठिकाणी पकडू शकतो. अशा पकडीच्या संयुगांना जे शास्त्रीय नाव मिळाले, ते खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकामागून एक या नांगीत सापडतात. शेवटी दर्शकाजवळ उरलेले आयनही ती ओढून घेते. दर्शक मोकळा होतो आणि तांबूस रंग जाऊन निळा रंग येतो. हाच अंतिम बिंदू. ही पद्धत गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी झुरिक येथे १९४० च्या दशकात विकसित केली.

ही नांगी समजावयाची असेल तर असेंद्रिय रसायनशास्त्राकडे वळावे लागते. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांपासून बनणारी काही रंगीत संयुगे एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांना कोड्यात टाकीत होती. तिन्ही संयुगांत क्लोरिनचे तीन-तीन अणू. परंतु द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातले असता सहा अमोनिया असलेल्या पिवळ्या संयुगातील तिन्ही क्लोरिन पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसत, पाच अमोनिया असलेल्या जांभळट संयुगातील दोनच आणि चार अमोनिया असलेल्या संयुगातील केवळ एक. मग उरलेला क्लोरिन जातो कोठे? १८९३ साली सव्वीस वर्षांच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी सांगितले की, धातूच्या अणूभोवती सहा जागा असतात; त्या जागी बसलेला क्लोरिन धातूशी घट्ट जोडलेला राहतो, म्हणून तो साक्यात उतरत नाही. या कार्यासाठी त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संयुगाच्या आतील रचनेविषयीचा हा विचार कशावर उभा राहिला, हे लक्षात घ्यावे. त्याच्या मुळाशी काळजीपूर्वक मोजलेले साके होते.

आता पुन्हा ब्युरेटकडे येऊ. ईडीटीएचे द्रावण ०.०१ मोलर असेल, तर त्याचा एक मिलिलीटर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटशी तुल्य असतो. समजा, १२.४ मिलिलीटर द्रावण लागले. म्हणजे पन्नास मिलिलीटर पाण्यात १२.४ मिलिग्रॅम, तर एका लीटरमध्ये २४८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लीटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम अशी आहे. आपल्या प्रयोगात २०० या आकड्याचा अर्थ बरोबर १० मिलिलीटर असा होतो. ब्युरेटचा आकडा ९.८ आला तर पाणी रेषेच्या अलीकडे, १०.२ आला तर पलीकडे. या दोहोंतील अंतर जेमतेम आठ थेंबांचे आहे.

म्हणूनच प्रयोगशाळेत काही किरकोळ वाटणाऱ्या सूचना वारंवार दिल्या जातात. ब्युरेट त्यात भरावयाच्या द्रावणानेच विसळावी. पाण्याने विसळून तशीच भरली, तर द्रावण पातळ होते. तोटीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. भरण्यासाठी लावलेले नरसाळे काढून ठेवावे, नाहीतर मध्येच त्यातून एखादा थेंब गळतो. द्रावणाच्या वक्र पातळीचा तळ डोळ्याच्या रेषेत आणून वाचावा. शंकुपात्राखाली पांढरी फरशी ठेवावी, म्हणजे रंगबदल स्पष्ट दिसतो.

एक गोष्ट मात्र सूचनांच्या यादीत नसते. तीन वाचने घ्यावयाची असतात आणि ती जुळावी लागतात. पहिले १२.४, दुसरे १२.९ आले की शेजारच्या वहीत डोकावण्याचा किंवा १२.९ चे हळूच १२.४ करण्याचा मोह होतो. परीक्षेच्या दिवशी तर तो फार होतो. न जुळलेले वाचन खोडून टाकण्याऐवजी तसेच ठेवून चौथ्यांदा अनुमापन करणाऱ्या विद्यार्थ्याला वेळ अधिक लागतो; पण आपला हात कोठे चुकतो हे त्यालाच कळते.

अशा चुकीची किंमत वर्गाबाहेर फार मोठी असू शकते. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक आढळले. बांगलादेशात कूपनलिका तपासून धोक्याच्या नलिकांना लाल आणि सुरक्षित नलिकांना हिरवा रंग देण्याची मोहीम निघाली. जागेवर वापरलेल्या साध्या चाचणीसंचांनी काही नलिकांवर चुकीचा रंग चढविला, असे प्रयोगशाळेतील फेरतपासणीत दिसून आले. दुष्फेन पाण्याने साबण वाया जातो. आर्सेनिकचे तसे नाही. ते रंगाने, वासाने, चवीने कळत नाही. हिरव्या रंगावर विश्वास ठेवून घागर भरणाऱ्या बाईजवळ तो आकडा पडताळून पाहण्याचे दुसरे साधन नसते.

बारावीला विज्ञान विषय घेऊन पुढे पदवीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याने एक ध्यानात ठेवावे. या विषयाची पुस्तके घरी वाचता येतात, प्रात्यक्षिके मात्र प्रयोगशाळेतच करावी लागतात. जेव्हा ही संधी मिळेल, तेव्हा शिक्षकांची परवानगी घेऊन आपल्या घरच्या पाण्याचा नमुना अवश्य न्यावा. हातपंप असेल तर आधी काही मिनिटे पाणी वाहू द्यावे, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी आणि तिच्यावर ठिकाण व तारीख लिहावी.