चष्मा लागला म्हणून विमान सुटत नाही

सातवी-आठवीत पोराला चष्मा लागला, की घरात पहिला निकाल लागतो तो पायलट व्हायच्या स्वप्नाचा. ‘आता कसलं विमान, याला फळा दिसेना,’ असं काका-मामा खात्रीने सांगून टाकतात आणि पोरगंही निमूटपणे दुसरा रस्ता धरतं. या समजुतीचं मूळ बहुधा हवाई दलात आहे. तिथल्या फ्लाइंग शाखेत मायनस नंबरबाबतचे नियम खरोखरच कडक आहेत आणि आपल्याकडे पायलट म्हटलं की आधी गणवेशातलाच डोळ्यांपुढे येतो. प्रवासी विमान चालवायला लागतो तो व्यावसायिक परवाना. त्याची क्लास वन वैद्यकीय तपासणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, अखत्यारीत होते. जगभर या तपासणीचा पाया एकच, ‘आयकाओ’ या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकष.

ते निकष काय म्हणतात? प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं किमान 6/9 दिसायला हवं आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून 6/6. चष्मा लावून दिसलं तरी चालतं. निरोगी डोळा जी ओळ नऊ मीटरवरून वाचतो, ती तुम्हाला सहा मीटरवरून वाचता आली की झालं 6/9. चष्मा काढल्यावर किती दिसावं याला आयकाओने खालची मर्यादाच घातलेली नाही. फक्त बिनचष्म्याची नजर 6/60 पेक्षाही कमी असेल, तर पहिल्या तपासणीआधी आणि नंतर दर पाच वर्षांनी नेत्रतज्ज्ञाचा सविस्तर अहवाल मागतात. त्याला कारण आहे. मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्याचा आतला पडदा ताणलेला असतो आणि तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

चष्म्याने पास झालात, तर उड्डाणात चष्मा लावणं सक्तीचं होतं आणि दुसरा चष्मा हाताशी ठेवावा लागतो. हाताशी म्हणजे कॉकपिटमध्ये, खाली सामानात गेलेल्या बॅगेत नव्हे. कॉन्टॅक्ट लेन्स चालत नाहीत हीसुद्धा अफवाच. एकाच नंबरच्या, बिनरंगाच्या आणि डोळ्याला मानवणाऱ्या लेन्स चालतात, पण सुटा चष्मा तेव्हाही जवळ हवाच.

गंमत म्हणजे तरुणपणी चष्म्याने न अडलेला पायलट चाळिशी लागल्यावर चष्म्याच्या निवडीत अडू शकतो. जवळचं बारीक अक्षर तीस ते पन्नास सेंटिमीटरवरून वाचता यायला हवं आणि त्याहून मोठं अक्षर एक मीटरवरून. पहिलं अंतर मांडीवरच्या नकाशाचं, दुसरं समोरच्या उपकरणांचं. पेपर वाचायला लावतो तो पूर्ण भिंगाचा वाचनाचा चष्मा इथे चालत नाही, कारण तो लावून मान वर केली की धावपट्टी धूसर. बायफोकल, प्रोग्रेसिव्ह किंवा वरून पाहता येईल असा अर्धा चष्मा घ्यावा लागतो. पोलराइज्ड गॉगलही टाळायला सांगतात. त्यातून काही स्क्रीन काळवंडलेल्या दिसतात.

खरी अडचण बऱ्याचदा जिथे कोणी बघतच नाही तिथे असते, ती रंगांत. लाल-हिरव्यातला फरक न ओळखणारी मुलं दहावी-बारावी होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाहीत, त्यांच्या स्वतःच्यासुद्धा. हा दोष बहुतेकदा जन्मजात असतो, आईकडून मुलाकडे येतो आणि त्यामुळे मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त आढळतो. तपासणीत ठिपक्यांच्या गोलांचं पुस्तक समोर ठेवतात. जपानी डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांचं हे पुस्तक. पहिल्या पानावरचे 12 सगळ्यांनाच दिसतात. दुसऱ्या पानावर मात्र निरोगी डोळ्याला 8 दिसतो, तर लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला 3. आकडे पाठ करून जाणारे महाभाग आहेत, पण परीक्षक पानं मागेपुढे करतो. शिवाय शंका आली की अंधाऱ्या खोलीत रंगीत दिवे ओळखायला लावणारी कंदील-चाचणी असतेच. इशिहारात अडखळलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही, सुरक्षित उड्डाणाला लागणारे रंग ओळखता येतात का हा शेवटचा प्रश्न. मात्र रंग ‘दुरुस्त’ करणाऱ्या जाहिरातीतल्या चष्म्यांवर पैसे घालवू नका. ते दोष घालवत नाहीत.

हा हट्ट कशासाठी, ते अमेरिकेतल्या टॅलाहासीच्या अपघातातून कळतं. 26 जुलै 2002च्या पहाटे अंधारात फेडएक्सचं मालवाहू बोइंग 727 धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर उतरलं. तिघेही वैमानिक-कर्मचारी वाचले. धावपट्टीशेजारी चार दिवे असतात: दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर, चारही लाल दिसले तर विमान फार खाली. विमान उतरवणाऱ्या सहवैमानिकाला रंगांचा गंभीर दोष होता. तपास यंत्रणेने थकवा आणि कार्यपद्धतीतल्या चुकांबरोबर त्या दोषालाही कारणांच्या यादीत घेतलं.

राहिलं लेसिक, म्हणजे लेसरने नंबर घालवायची शस्त्रक्रिया. ‘नंबर घालवून टाक, म्हणजे प्रश्न मिटला’ हा सल्ला फार घाईचा आहे. शस्त्रक्रियेने परवाना कायमचा बुडत नाही, पण नंबर स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात का, कॉर्निया किती जाड उरला, आधीचा नंबर किती होता, हेही बघतात. पूर्वी कॉर्नियावर चाकूने चिरा देऊन नंबर उतरवायचे. तशी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याची नजर उंचावर गेल्यावर बदलते. 1996 मध्ये एव्हरेस्टवर बेक वेदर्स या अमेरिकन डॉक्टरची नजर अशीच मध्येच दगा देऊन गेली होती. चष्म्याने 6/6 दिसणाऱ्या मुलाने केवळ परवान्यासाठी डोळ्याला लेसर लावून घ्यावा, याला मला तरी काही अर्थ दिसत नाही. तोच मुलगा हवाई दलाकडे बघत असेल, तर तिथले नियम निराळे. वय, आधीचा नंबर, मध्ये गेलेला काळ, सगळ्याची तिथे अट असते, तेव्हा चालू जाहिरात वाचल्याशिवाय ऑपरेशन टेबलावर चढू नये.

पालकांनी क्रम तेवढा सांभाळावा. बारामती, गोंदिया किंवा परदेशातल्या अकादमीत लाखोंचा पहिला हप्ता भरण्याआधी डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरकडे क्लास टू तपासणी होते. पण नोकरीला क्लास वनच लागतं, म्हणून तेही पैसे भरण्याआधीच उरकावं. जाताना जुने-नवे दोन्ही चष्मे, आधीच्या नंबरांचे कागद आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची फाईल बरोबर न्यावी. लेन्स वापरत असाल, तर किती दिवस आधी काढून ठेवायच्या हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या.