रंगवलेला संगमरवर

आमच्या ईलिंगच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटाला येणारा प्रत्येक पाहुणा आधी हात लावून बघतो. कपाटाची वरची पट्टी आणि खालची बैठक गडद हिरव्या संगमरवराची, पांढऱ्या शिरांची दिसते. हाताला गार लागत नाही, म्हणून मग ठोकून बघतात. आत साधं पाइनचं लाकूड! जुन्या सामानाच्या दुकानदाराने ‘व्हिक्टोरियन’ म्हणून दिलं. कागदपत्र काही नाही.

नाशिकहून आलेल्या सासूबाईंना ते मुळीच पटेना. “लाकडाने दगडाचं सोंग कशाला घ्यायचं? घासून टाका, चांगलं लाकूड निघेल.” नवरा लगेच घासायचं मशीन भाड्याने आणायला तयार.

मी सासूबाईंना वॉलपोल पार्कातल्या पिट्झहँगर मॅनरला घेऊन गेले. बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद जॉन सोन याने १८०० साली ही जागा ४,५०० पौंडांना घेतली आणि जुन्या घराचा बराच भाग पाडून १८०४ पर्यंत स्वतःसाठी नवं घर बांधलं. आत शिरताच भिंतींवर संगमरवर दिसतो, तोही रंगवलेला. खरा दगड काय असतो, हे सोनला कोणी शिकवायला नको होतं. तरी त्याने रंगाऱ्याचा हात निवडला. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये हे घर पुन्हा उघडलं. त्याआधी, १९०२ पासून १९८४ पर्यंत, इथे ईलिंगचं सार्वजनिक वाचनालय होतं. मला, जुन्या मास्तरणीला, घराची हीच गोष्ट सगळ्यात आवडली.

हे काम सोपं नाही. आधी एकसारखा तळरंग, तो वाळला की तेलरंगाचा पातळ हात, त्यावर पिसाच्या टोकाने ओढलेल्या शिरा. रंग ओला असतानाच बॅजरच्या केसांचा मऊ ब्रश हलकेच फिरवायचा, म्हणजे शिरा दगडात मुरल्यासारख्या दिसतात. शेवटी व्हार्निश. थॉमस कर्शॉ नावाच्या रंगाऱ्याला अशा कामाबद्दल १८५१च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात पारितोषिक मिळालं होतं. त्याचे फलक साउथ केन्सिंग्टनच्या व्ही अँड ए संग्रहालयात आहेत.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण बधल्या नाहीत. शेवटी मी त्यांच्याच शोकेसची आठवण काढली. तिथे सावंतवाडीची लाकडी केळी आणि आंबे वर्षानुवर्षं मानाने बसलेत. त्यांना कोणी लबाड म्हणत नाही. “ती फळं वेगळी,” म्हणाल्या, पण हसल्या.

मशीन मात्र वेगळ्याच कारणाने राहिलं. इथे साठच्या दशकाआधीच्या रंगांत शिसं सर्रास असायचं. कोरडं घासलं तर त्याची धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती फार घातक. आमची लेक तीन वर्षांची. चाचणीची काडी रंगावर फिरवली, ती लाल झाली. जुनं सामान घेणाऱ्यांनी ही चाचणी आधी करावी. किट हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

रंग कुठे सुटलेला नव्हता, म्हणून न घासता वरून पारदर्शक व्हार्निशचे दोन हात दिले. आता फक्त ओल्या फडक्याने पुसते. वरच्या फळ्यांवर माझी एम.ए.ची पुस्तकं, मधल्यांवर दिवाळी अंक. खालची फळी लेकीच्या उंचीची, तीच रिकामी ठेवलीय. तिची चित्रांची पुस्तकं पलीकडच्या भिंतीपाशी, बुटक्या नव्या रॅकवर आहेत.