तोंडाचा पट्टा आणि हातातला

दिवाळीला दौंडला बहिणीकडे गेलो होतो. फराळाचे ताट पुढे येते न येते तोच भाचेमहाराज अंगणात उभे ठाकले. हातात दोन लाकडी दांडकी, मध्ये साखळी. दोन गरके झोकात झाले. तिसऱ्याला दांडके स्वतःच्याच कोपरावर बसले.

“मामा, हे नुनचाकू,” कोपर चोळीत तो म्हणाला. “ओकिनावाचे आहे. आपल्याकडे असले काही नव्हते.”

हे ऐकून मामाने मुकाट्याने चकली खावी, हे काही होणे नव्हते.

ओकिनावाची कथा मात्र ऐकण्याजोगी आहे. जपानच्या दक्षिणेकडचे हे बेट. तिथल्या र्‍युक्यू राज्यावर १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी चाल केली. हत्यारांवर बंधने आली, तेव्हा शेतकऱ्यांनी विळा, लाठी, जात्याचा खुंटा यांचीच हत्यारे केली, असे तिथे सांगतात. इतिहासकार ही कथा जशीच्या तशी मानीत नाहीत. ‘साई’ हे तीन टोकांचे हत्यार तर राजाच्या शिपायांजवळच असे. या विद्येला कोबुदो म्हणतात. ताइरा शिन्केन (१८९७–१९७०) या गृहस्थाने विखुरलेले जुने डाव जमवून ती जतन केली.

आता आपल्याकडचे पाहा. १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला. परवान्यावाचून तलवार घेऊन फिरणे गुन्हा ठरला. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी आपल्या रामोशी सोबत्यांसह पहिला छापा घातला तो धामारीवर. ही धामारी शिरूर तालुक्यातलीच! फडके लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत शिकले, असे सांगतात. लहुजी (१७९४–१८८१) पुरंदरच्या पायथ्याचे, मातंग समाजातले. पुण्यातल्या त्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यातल्याच एकाच्या पायाशी बसून ही विद्या घ्यावी लागली, हे आपण पांढरपेशे लोक सोयीस्करपणे विसरतो.

माझे आजोळ शिरूरचे, म्हणजे घोडनदीचे. तिथे एका म्हाताऱ्या वस्तादांकडे एका सुट्टीत मी जात असे. भिंतीवर पट्टा टांगलेला. दुधारी, लवलवते पाते. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोळ आणि तिच्या आत धरायची आडवी दांडी. तलवारीत मनगट फिरते, इथे मनगट जखडलेले. वार निघतो तो खांद्यातून, कमरेतून आणि खरे म्हणजे पायांतून. म्हणून आधी पवित्रा! महिनाभर वस्तादांनी माझ्या हाती वेताची काठीसुद्धा दिली नाही. नुसते पाय टाकायचे, वळायचे, सलामी द्यायची. मे संपला, शाळा उघडली, मी पुण्याला परतलो. पट्टा भिंतीवरच राहिला. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा वस्ताद नव्हते.

प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी जिवा महालाने सय्यद बंडाला आडवे केले, हे शाळेतले पोर सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्रही ठरला. आनंद आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मर्दानी खेळांना आश्रय दिला, त्याचे फळ तिथे आजही दिसते. पण मिरवणुकांतून जमिनीवरचे लिंबू कापताना पाहिले की माझे मन थोडे खट्टू होते. लिंबू उलटा वार करीत नाही. फरी-गदक्यात, म्हणजे लहान ढाल आणि चामडे मढवलेली काठी घेऊन खेळताना, समोर माणूस असतो. त्याला सलामी द्यावी लागते आणि त्याचा फटका खावाही लागतो. ओकिनावाची मंडळीही आधी वाकून नमस्कार करतात, मग काठी उचलतात. हा भाग सिनेमावाले गाळतात.

“अहो, पोराला फराळ तरी करू द्या! मघापासून तुमच्या तोंडाचा पट्टा चाललाय,” सौभाग्यवती आतून म्हणाल्या.

भाषेत तरी पट्टा शिल्लक आहे म्हणायचा!

मी उठलो, धोतर सावरले आणि भाच्याला पाय कसे टाकायचे ते दाखवू लागलो. पहिली चार पावले आठवली. पाचव्याला अडखळलो. तेवढ्यात धाकटी भाची कुंचा घेऊन समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, आधी सलामी.”