दुसऱ्यांदा नादारी : पालघरच्या कर्जदाराला लागू होणारे नियम

कायदा कोणता? मुंबई शहराला १९०९ चा वेगळा कायदा, तर पालघर, बोईसर, तारापूरला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात. किमान कर्ज ५०० रुपये. कर्जवसुलीच्या हुकूमनाम्यापोटी अटक किंवा जप्ती झाली असल्यासही अर्ज करता येतो.

दुसरा अर्ज. सगळे अवलंबून आहे पहिला कसा संपला यावर. नादार ठरल्यानंतर कर्जांतून ‘मुक्तता’ मागावी लागते. ती आपोआप मिळत नाही. अनेकांचे इथेच अडते. मुक्ततेचा अर्ज न केल्याने किंवा तो न चालवल्याने नादार ठरवणारा पहिला आदेश रद्द झाला असेल, तर त्याच न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवा अर्ज नाही (कलम १०). परवानगीसाठी तो अर्ज न करण्याचे किंवा न चालवण्याचे सबळ कारण किंवा मूलतः वेगळी वस्तुस्थिती दाखवावी लागते.

- पूर्वी नादार ठरलेल्याला बिनशर्त मुक्तता नाकारली जाते (कलम ४२).
- मुक्तता मिळाली तरी सरकारी देणे, फसवणुकीचे कर्ज, पोटगी सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही.
- मुक्ततेपूर्वी नादारी लपवून ५० रुपये किंवा अधिक उधार घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद.

औद्योगिक वसाहतीतला (एमआयडीसी) फरक. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. त्यांचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाते. एकल मालकीच्या वर्कशॉपवाल्याला, दुकानदाराला, कामगाराला १९२० चाच कायदा.

अजून लागू नाही : याच संहितेतील ‘नवी सुरुवात’, म्हणजे छोट्या कर्जदारांची कर्जमुक्ती. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत, स्वतःचे घर नसावे. अशा दोन आदेशांत किमान १२ महिन्यांचे अंतर.