दरसाल नवं गाणं

गप्प बसा जरा आणि ऐका. माडाच्या शेंड्यावर दयाळ शीळ घालतोय. आंजर्ल्यात चैत्र लागला की तांबडं फुटायच्या आत हा काळा-पांढरा गडी सुरू होतो. मग बुलबुल, कोकीळ, भारद्वाज, सगळे त्याच्यामागून.

पक्ष्याची स्वरपेटी आपल्यासारखी गळ्यात वर नसते बरं का. श्वासनळीला खाली जिथे दोन फाटे फुटतात, तिथे असते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालतात, म्हणून काही पक्षी एका वेळी दोन सूर काढतात!

पण खरं नवल पुढेच आहे. झेब्रा फिंच नावाच्या पाखराचा नर पिल्लूपणी गाणं शिकतो, तीनेक महिन्यांत ते पक्कं होतं आणि मग जन्मभर तेच. कॅनरी या दुसऱ्या गाणाऱ्या पाखराचं तसं नाही. विणीचा हंगाम सरला की त्याचं गाणं विस्कटतं, आणि पुढच्या वसंतात त्यात नवे बोल आलेले असतात. मग त्याच्या मेंदूत काय होत असेल? वाढ पुरी झालेल्या प्राण्याच्या मेंदूत नवी चेतापेशी येत नाही, असंच फार काळ बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालले होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या फर्नांडो नोटेबोम आणि स्टीव्हन गोल्डमन यांनी १९८३ साली दाखवून दिलं, की मोठ्या झालेल्या कॅनरीच्या मेंदूतही नव्या चेतापेशी जन्मतात आणि अगदी गाण्याच्या केंद्रात येऊन बसतात.

माणसाच्या मेंदूत असं किती होतं, यावर अजून वाद आहे. पण माणसाला उशिरा नवं गाणं सुचतं, याचा दाखला आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. करजगावात १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा तिशी उलटली होती. त्या काळी चर्चमध्ये बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं विलायती चालींवर म्हणत. टिळकांनी तुकोबांची वाट धरली. अभंग रचले, भजनं रचली, आणि सारी मंडळी एका सुरात आपल्या वळणाचं गाऊ लागली. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं महाकाव्य हाती घेतलं १९०९ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा साडेदहा अध्याय झाले होते.

पुढचे ६४ अध्याय कोणी लिहिले? लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीने. त्यांना लिहा-वाचायला लग्नानंतर टिळकांनीच शिकवलं होतं.

हे एवढं आजीला जाऊन सांगा. पेटी शिकायचं तिच्या फार मनात आहे, आणि ती उगीच वय काढत बसते.