इंग्रजी व फ्रेंच अभिजात साहित्य : नाशिकमधील वाचन व रूपांतर

इंग्रजी व फ्रेंच भाषांतील अभिजात कृतींचे वाचन मराठी भाषकांत एकोणिसाव्या शतकात रुजले. इंग्रजी ही नव्या शिक्षणाची भाषा असल्याने शेक्सपिअर मुळातून वाचला गेला. फ्रेंच लेखक मात्र बहुतेकांना इंग्रजी भाषांतरांतून परिचित झाले. या वाचनाचा एक महत्त्वाचा परिणाम म्हणजे मराठीतील नाट्यरूपांतरे होत. नाशिक येथील नाटककारांच्या लेखनात या प्रक्रियेच्या निरनिराळ्या अवस्था स्पष्टपणे आढळतात.

पूर्वपरंपरा : महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी ऑथेल्लोचे (१८६७) व गोपाळ गणेश आगरकर यांनी हॅम्लेटचे विकारविलसित (१८८३) या नावाने भाषांतर केले. हरि नारायण आपटे यांनी मोल्येरच्या प्रहसनावरून मारून मुटकून वैद्यबुवा, तर व्हिक्तॉर ह्यूगोच्या एर्नानीवरून जयध्वज लिहिले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या संशयकल्लोळ (१९१६) या नाटकाचे मूळ मोल्येरच्या स्गानारेलमध्ये असले, तरी ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्फत मराठीत आले. अशा दुहेरी प्रवासात कथानक, स्वभावचित्रण व विनोद टिकून राहतात; परंतु फ्रेंच नाट्यकाव्यातील बारा अवयवांच्या यमकबद्ध ओळीचा डौल मात्र हरपतो.

नाशिकमधील परंपरा : नाशिक येथे १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आणि १९२४ पासूनचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय यांमुळे ग्रंथवाचनास व उच्च शिक्षणास स्थानिक अधिष्ठान लाभले. वसंत कानेटकर यांनी नाशिकमध्ये दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांच्या गगनभेदी या नाटकामागे शेक्सपिअरच्या शोकनायकांची प्रेरणा आहे.

वि. वा. शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज (१९१२–९९) यांचे लेखन या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. दूरचे दिवे (१९४६) हे ऑस्कर वाइल्डच्या, वैजयंती (१९५०) हे फ्रेंचमध्ये लिहिणारा बेल्जियन नाटककार मॉरिस मातेरलिंक याच्या मोना व्हाना या, तर राजमुकुट (१९५४) हे मॅक्‌बेथ या नाटकावर आधारित आहे. ऑथेल्लोमध्ये (१९६१) त्यांनी मूळ शीर्षकही कायम ठेवले. झां आनुई या फ्रेंच नाटककाराच्या नाटकावरून त्यांनी बेकेट (१९७१) लिहिले. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री व आर्चबिशप टॉमस बेकेट यांच्या संघर्षाचे हे कथानक. इंग्रजी इतिहास, फ्रेंच नाट्यरूप व मराठी भाषा असा त्रिविध संगम त्यात झाला आहे.

नटसम्राट (१९७०) हे मात्र रूपांतर नव्हे. किंग लिअरप्रमाणे येथेही पित्याने हयातीतच आपली मिळकत अपत्यांत वाटून दिली आहे. परंतु राज्याच्या जागी निवृत्त नटाचे मध्यमवर्गीय घर आले आहे. लिअरने घेतलेली मुलींच्या प्रेमाची परीक्षा येथे नाही आणि सत्यवचनी कॉर्डिलियाही नाही. अप्पासाहेब बेलवलकरांची सोबत त्यांची पत्नी करते. पुढे त्यांना आधार मिळतो तो रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या एका मुलाचा. पूर्वी रंगविलेल्या भूमिका बेलवलकरांच्या स्मृतीत व बोलण्यात वारंवार उसळतात. परकीय अभिजात कृती येथे केवळ आधार न राहता पात्राच्या अंतर्जीवनाचाच भाग बनते.

मूल्यमापन : रूपांतरामुळे परकी कृती इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकापर्यंतही पोहोचते, परंतु ती जितकी आपलीशी होते, तितके तिचे मूळ रूप दृष्टीआड होते. मोल्येरचे नावही ठाऊक नसलेला प्रेक्षक संशयकल्लोळला मनमुराद हसतो, हे त्याचे बोलके उदाहरण होय. म्हणूनच रूपांतरांच्या जोडीला मूळ भाषेतून केलेल्या विश्वसनीय भाषांतरांची गरज असते. फ्रेंच साहित्याच्या बाबतीत ती अधिक आहे. कारण इंग्रजीच्या मध्यस्थीने झालेल्या परिचयात मूळ शैलीचा बराचसा अंश वाचकापर्यंत पोहोचत नाही.