कॅनव्हासवरचं सौर पॅनेल

वारा फुकट मिळतो, म्हणून शिडाच्या बोटीला विजेची गरज नसते, हा समज चुकीचा आहे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९ मे २०१० रोजी परतले. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या त्या बोटीला पुढे नेणारा वाराच होता. पण दिवे, रेडिओ, स्वयंचलित सुकाणू ही सगळी बॅटरीवर जगणारी मंडळी. नवी मुंबईच्या खाडीत उभ्या असलेल्या छोट्या शिडाच्या बोटीची अडचण याहून साधी आणि रोजची आहे. दिवाळे कोळीवाड्यातल्या यांत्रिक होडीचं इंजिन तासन्‌तास चालतं आणि त्यासोबत बॅटरी भरत राहते. शिडाच्या बोटीचं इंजिन मात्र खाडीतून बाहेर पडताना आणि परत येताना, तेवढंच सुरू होतं. उरलेले दिवस बोट नांगरावर असते. किनाऱ्याची वीज तिथे पोचत नाही, आणि तळात झिरपणारं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला सुट्टी नसते. बॅटरी गेली की पंप गेला. म्हणून अशा बोटीवरचं सौर पॅनेल हे प्रवासाच्या सोयीपेक्षा उभ्या बोटीची राखण करण्यासाठी आहे, आणि त्या कामाला कॅनव्हासवर बसवलेलं लवचीक पॅनेल आपल्या किनाऱ्यावर सर्वांत योग्य, असं माझं मत आहे.

पॅनेल बसवायचं कुठे, हा पहिला प्रश्न. केरळात वैक्कमजवळ २०१७ पासून धावणारी ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची फेरीबोट सौरऊर्जेवर चालते, कारण तिला लांबरुंद छप्पर आहे. शिडाच्या बोटीला छप्परच नाही. डेकवर दोर ओढत माणसं वावरतात. तिथे चिकटवलेल्या पॅनेलवर पाय पडणारच. उरतं ते कॅनव्हास: बसण्याच्या जागेवरची सावली, म्हणजे बिमिनी, आणि गुंडाळलेल्या शिडावरचं कव्हर. शंभर वॉटचं काचेचं पॅनेल साधारण सहा ते आठ किलोचं असतं, लवचीक पॅनेल दोन-तीन किलोचं. शिडाच्या बोटीत उंचावरचं प्रत्येक किलो तिला कलंडायला मदत करतं. शिवाय बिमिनीच्या बारीक नळ्यांवर काचेच्या जड पाट्या बसवल्या, तर वळवाच्या वाऱ्यात त्या नळ्यांवर केवढा ताण येईल!

आडवं पॅनेल सूर्याकडे कललेलं नसतं, त्यामुळे वीज कमी मिळते, हा आक्षेप युरोपात खरा आहे. नवी मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. इथे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. त्या भरदुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. आडवं ठेवल्याने होणारा तोटा थोडाच, आणि तोही मुख्यतः हिवाळ्यातला, जेव्हा आकाश बहुधा निरभ्र असतं. सूर्य डोक्यावर येण्याची जुलैची वेळ मात्र पावसाळी ढगांत जाते, हे मान्य करून हिशेब मांडावा लागतो. शंभर वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चारशे वॉट-तास देतं असं धरलं आणि पावसाळ्यात त्याचा चौथा हिस्साच हाती आला, तरी शंभर उरतात. बारा व्होल्टचा, तीन अँपिअर ओढणारा पंप दिवसात एकूण तासभर चालला, तर छत्तीस वॉट-तास लागतात. रात्रभर जळणाऱ्या तीन वॉटच्या एलईडी दिव्याला आणखी तितकेच. राखणीपुरतं भागतं. फ्रिज चालवायचा असेल, तर हे पॅनेल घेऊ नये.

उष्णतेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट होते. मेच्या दुपारी पेशी ६५ अंशांना गेल्या, तर सोळा टक्के गेले. पण इथेच कॅनव्हासची बाजू बळकट होते. डेकला चिकटवलेल्या पॅनेलला खालून हवा लागत नाही, बिमिनीवरच्या पॅनेलखालून वारा वाहत असतो. सावलीचं गणित मात्र कडकच आहे. पेशी एकामागोमाग एक जोडलेल्या असल्याने शिडाखालच्या आडव्या दांड्याची, म्हणजे बूमची, किंवा दोराची बारीक सावलीही आउटपुट पार खाली आणते. एका मोठ्या पॅनेलऐवजी डाव्या-उजव्या बाजूला दोन लहान पॅनेलं लावून प्रत्येकाला पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा स्वतंत्र एमपीपीटी कंट्रोलर दिला, तर एक सावलीत असताना दुसरं काम करतं. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत पक्षी उतरतात. त्यांच्या विष्ठेचा एक ठिपकाही सावलीच असतो, म्हणून धुणं चुकवू नये.

खरी कारागिरी शिवणीत आहे. सिलिकॉनची पेशी केसाच्या दोन-अडीच पट जाडीची. वाऱ्यात फडफडणाऱ्या कापडावर ती बारीक तडकत जाते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून कापड आधी ताठ हवं, आणि पॅनेल पेशी नसलेल्या कडेवरच धरलेलं. कव्हरवर वेलक्रोची किंवा झिपची पट्टी शिवायची, तिची जोडीदार पट्टी पॅनेलच्या कडेला. दोरा उन्हाला टिकणाऱ्या पॉलिएस्टरचा हवा. साधा सुती दोरा खारट उन्हात लवकर कुजतो. वायर कापडातून थेट नेऊ नये, पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून खाली उतरवावी आणि तिला एक वळसा ठेवावा, म्हणजे पाणी वळशावरून ठिबकतं, जोडात शिरत नाही.

लवचीक पॅनेल काचेच्या पॅनेलइतकं टिकत नाही, हे खरंच आहे. काच दोन दशकं ओलांडते. लवचीक पॅनेलची वरची प्लास्टिकची कातडी काही वर्षांत पिवळी पडते, ईटीएफई या जास्त टिकणाऱ्या प्लास्टिकची असेल तर उशिरा. पण म्हणूनच ते कायमचं शिवू नये. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पुढच्या वर्षी १७ मे रोजी ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेलं. दोन्ही वेळी इशारा आधी मिळाला होता. झिप उघडून पॅनेल आणि कापड दोन्ही घडीभरात आत ठेवता येतात, काचेची पाटी बोल्ट खोलत बसावी लागते. तेव्हा बोटमालकांना एवढंच सांगणं: पॅनेल विकत घेण्याआधी कॅनव्हास शिवणारा चांगला कारागीर शोधा आणि पॅनेल आणि कॅनव्हास दोन्हींची मापं एकत्र घ्या.